हंगामाआधीची जिप्सी : जुने पेट्रोल इंजिन का अडखळते आणि दोष कसा शोधावा

मध्य प्रदेशातील बालाघाट शहरातून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपाऱ्याजवळ घाट चढू लागतो आणि पुढे सातपुड्याच्या पठारावरून मुक्कीपर्यंत पोहोचतो. मुक्की हे कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे बालाघाट जिल्ह्यातील प्रवेशद्वार. पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, जंगलातील सफारी बंद असते. ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा सुरू होते आणि तोवर पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या मारुती जिप्सी एकामागून एक बाहेर निघतात. त्यांतील काही किल्ली फिरवताच सुरू होतात. काही सुरू होतात, पण जागेवर थरथरतात, ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर गुदमरतात आणि चढावर झटके देतात. गॅरेजच्या भाषेत अशी गाडी ‘मिसिंग करते’.

हा दोष किरकोळ समजून चालत नाही. जंगलात प्रवाशांना गाडीतून खाली उतरण्याची परवानगी नसते. तेथे बंद पडलेली गाडी म्हणजे अडकलेले प्रवासी. घाटात इंजिन गुदमरले, तर मागून येणाऱ्या वाहनांना धोका. शिवाय चालक-मालकासाठी हंगामाचा प्रत्येक दिवस कमाईचा. घाईघाईत प्लग, कॉइल, पंप असे भाग अंदाजाने बदलत गेल्यास खर्च वाढत जातो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. तो क्रमाने शोधला, तर बहुतेक वेळा एखादी तडकलेली रबरी नळी, ओलसर वायर किंवा बुजलेले जेट एवढेच कारण हाती लागते.

गोव्यातील वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. कुळे येथून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्यांचा हंगामही पावसाळ्यात थांबतो आणि किनाऱ्यावरील दमट हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारींची अवस्था मुक्कीच्या जिप्सीहून फारशी वेगळी नसते. येथील विवेचन मात्र पेट्रोल इंजिनापुरते आहे; डिझेल इंजिनाची तपासणी निराळी.

गाडी कोणती, हे आधी पाहावे

जिप्सी १९८५ च्या अखेरीस भारतीय बाजारात आली. तिचे पहिले इंजिन ९७० सीसीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन आले. तेही आरंभी कार्ब्युरेटरचेच. २००० च्या सुमारास त्याच क्षमतेचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन बसवले गेले. सामान्य ग्राहकांसाठी या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सर्वांत नवी जिप्सीही आता जुन्या गाड्यांत मोडू लागली आहे.

कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने पेट्रोल ठरावीक छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, खेचले जाते. परिस्थिती बदलली, तरी छिद्र तेवढेच राहते. एमपीएफआयमध्ये संगणक निरनिराळ्या सेन्सरांकडून माहिती घेऊन प्रत्येक सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचे ते ठरवतो. पहिल्यात दोष बहुधा झीज, कचरा आणि बिघडलेली जुळणी यांचा. दुसऱ्यात त्यासोबत सेन्सर, वायरिंग आणि कनेक्टर यांचाही.

रचना कोणतीही असो, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, योग्य क्षणी पुरेशी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. तपासणीचा सारा क्रम या तिन्हींभोवती फिरतो.

दोष कधी दिसतो?

अवजार हाती घेण्यापूर्वी वेळ नोंदवावी. दोष केव्हा दिसतो, हे कळले की निम्मी तपासणी झाल्यासारखी असते.

- आयडलिंगला थरथर, पण रेस वाढवताच इंजिन सुरळीत : व्हॅक्यूमची गळती किंवा आयडलिंगच्या मार्गात कचरा.
- आयडलिंग ठीक, पण पॅडल दाबताच क्षणभर दम कोंडणे : कार्ब्युरेटरचा ॲक्सिलरेटर पंप किंवा डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स, एमपीएफआयमध्ये थ्रॉटलचा किंवा मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर.
- सपाटीवर ठीक, चढावर झटके : पेट्रोलचा अपुरा पुरवठा, भाराखाली तुटणारी ठिणगी किंवा तुंबलेला सायलेन्सर.
- इंजिन थंड असतानाच त्रास : चोक किंवा तापमानाचा सेन्सर.
- तापल्यावरच त्रास : कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा पेट्रोलच्या नळीत वाफ धरणे.
- पावसात किंवा पहाटेच्या दवात त्रास : प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण.

रेस वाढवणे हा उपाय नव्हे

थरथरणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून दिले जाते. मिनिटाला ८०० ते ९०० फेऱ्यांवर चालायला हवे असलेले इंजिन १२०० वर नेले की थरथर झाकली जाते आणि मालक समाधानाने परततो. दोष मात्र तसाच राहतो. शिवाय घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा जो रोध मिळायला हवा, तो कमी होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून आयडलिंगची जुळणी ही तपासणीतील शेवटची पायरी असावी.

पहिली पायरी : डोळे, नाक आणि कान

बॉनेट उघडून पाच मिनिटे नुसते पाहावे. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर घर करतात. कुरतडलेल्या वायरी आणि फिल्टरमध्ये रचलेला पालापाचोळा आढळणे नवलाचे नाही. बॅटरीची टोके आणि इंजिनापासून चॅसीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी हिरवट-पांढऱ्या गंजाने भरली असल्यास ती घासून घट्ट करावी. जंगलातील कच्च्या वाटांची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर बुजवते. फिल्टर बुजला की कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, ज्याला मेकॅनिक ‘रिच’ म्हणतात.

ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्यावा. पेट्रोलचा स्पष्ट वास आला आणि पातळी वाढलेली दिसली, तर जुन्या गाडीत इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये झिरपत असण्याचा संभव असतो. अशा स्थितीत गाडी चालवू नये; पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करत नाही.

दुसरी पायरी : व्हॅक्यूमची गळती

आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिन फार थोडी हवा घेते. त्या वेळी एखाद्या तडकलेल्या नळीतून शिरणारी जादा हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, म्हणजे ते ‘लीन’ होते आणि इंजिन थरथरते. झडप उघडली की हवेचा ओघ इतका वाढतो की तीच गळती नगण्य होते. आयडलिंगला थरथर आणि रेसला सुरळीत, या लक्षणाचे मर्म येथे आहे.

रबरी नळ्या हाताने वाकवून पाहाव्यात; वरून चांगली दिसणारी नळी वाकवताच तडे दाखवते. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर छोट्या फवाऱ्याने साधे पाणी मारावे. क्षणभर आवाज बदलला तर गळती तेथेच. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर यांपासून पाणी दूर ठेवावे. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा वापरतात; तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, म्हणून तो टाळलेला बरा.

व्हॅक्यूम गेज उपलब्ध असल्यास काम सोपे होते. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते. उंची वाढली की दर १००० फुटांमागे सुमारे एक इंच वजा होतो. बालाघाट शहर जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. त्यामुळे पणजीत १९ इंच दाखवणारी गाडी बालाघाटात १८ दाखवेल आणि बैहरच्या पठारावर आणखी खाली येईल. तो दोष मानू नये. काटा स्थिर पण बराच खाली असल्यास गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, नियमित ठेक्याने खाली आपटत असल्यास एखादा व्हॉल्व्ह, तर सावकाश वरखाली डोलत असल्यास बिघडलेले मिश्रण असे समजावे. रेस २५०० फेऱ्यांवर धरून ठेवली असता काटा हळूहळू उतरत गेला, तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबल्याचा संशय घ्यावा.

येथेच सर्वांत गंभीर शक्यता दडलेली असते. ज्या गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टरचे साहाय्य आहे, त्यांत बूस्टरची नळी तडकली किंवा आतला पडदा फाटला, तर आयडलिंगही बिघडते आणि ब्रेकही जड होतो. याची कसोटी सोपी आहे. इंजिन बंद करून ब्रेकचे पॅडल चार-पाच वेळा दाबावे, नंतर ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पॅडल थोडे खाली गेले पाहिजे. ते जराही हलले नाही, किंवा आयडलिंगला ब्रेक दाबताच इंजिनाचा आवाज बदलला, तर ती गाडी दुरुस्तीवाचून घाटात नेऊ नये.

तिसरी पायरी : ठिणगी

चारपैकी कोणता सिलिंडर काम करत नाही, हे आधी ठरवावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत इन्सुलेशन असलेल्या पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवून धरतात; धडधाकट सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा वेग पडतो. जिची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. एमपीएफआय गाडीत ही पद्धत वापरू नये. त्याने कॉइल किंवा मॉड्यूल निकामी होऊ शकते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. तेथे इंजेक्टरचा एकेक कनेक्टर काढून तीच पारख करावी.

मग चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी टोक समाधानकारक. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त असल्याची, तेलकट काळेपणा ऑइल जळत असल्याचा आणि पांढुरके टोक पेट्रोल कमी पडत असल्याचा निदर्शक. चारही सारखे काळे असल्यास दोष सामाईक, म्हणजे फिल्टर, चोक किंवा कार्ब्युरेटरमध्ये. एकच वेगळा असल्यास दोष त्या सिलिंडरपुरता. प्लगची गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी.

वायरींचा रोध मल्टिमीटरने मोजून एकमेकींशी ताडावा. लांबीच्या मानाने एखादीचा रोध फार जास्त निघाल्यास ती बदलावी. रात्रीच्या अंधारात चालू इंजिनाकडे पाहिल्यास गळणाऱ्या वायरीवर निळसर ठिणग्या दिसतात. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या आत केसासारखी काळी रेघ आढळली, तर ओलाव्यात वीज त्याच रेघेवरून निसटते. पुसून ती जात नाही, झाकण बदलावे लागते. सीबी पॉइंट असलेल्या फार जुन्या गाडीत पॉइंट खडबडीत झाले असल्यास पॉइंट आणि कंडेन्सर एकदमच बदलावेत.

पॅडल दाबताच गुदमरणाऱ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स अवश्य पाहावा. त्याची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने हवा ओढावी आणि जिभेने टोक बंद करावे. आतली पट्टी सरकून तशीच थांबली तर पडदा शाबूत. ओढ लगेच सुटली तर फाटलेला.

चौथी पायरी : पेट्रोल

तीन महिने टाकीत पडून असलेले पेट्रोल हा हंगामाच्या आरंभीचा मुख्य संशयित. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात, उरलेले जुने होऊन चिकट थर धरते आणि सुईच्या जाडीचे आयडल जेट सर्वांत आधी बुजते.

त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साधारण १३.५ च्या आसपास येते. एमपीएफआयचा संगणक ऑक्सिजन सेन्सर असल्यास पेट्रोल वाढवून हे भरून काढू शकतो. कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत राहते आणि मिश्रण लीन होते. आधीच लीन बाजूला झुकलेली जुनी गाडी म्हणूनच पॅडल दाबताच अडखळते.

इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. मर्यादेपलीकडे पाणी मिसळले की इथेनॉल आणि पाणी यांचा एकत्र थर पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसतो. नेमक्या तेथूनच नळी पेट्रोल उचलते. फिल्टरपूर्वीच्या नळीतून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर टाकी रिकामी करून साफ करण्यास पर्याय नाही. हे काम उघड्या जागेत, आगीपासून दूर आणि इंजिन थंड असतानाच करावे. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा व वॉशर यांना इथेनॉल मानवत नाही. बदलताना इथेनॉलसाठी योग्य असलेलेच भाग घ्यावेत.

कार्ब्युरेटरची एक तपासणी मालकालाही करता येते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे आणि हाताने थ्रॉटल उघडावा. पेट्रोलची स्पष्ट धार उडाली पाहिजे. धार तुटक किंवा गायब असल्यास ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा किंवा त्याचे जेट सदोष. गाडी क्षणभर गुदमरण्याचे कारण तेथेच सापडते. जेट साफ करताना तार घालू नये, छिद्र मोठे होते. क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी असते.

एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडीवरील काजळी, आयडलिंगच्या हवेचा व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. इंजिनाचा इशारा-दिवा लागत असल्यास भाग बदलण्यापूर्वी नोंदलेला कोड वाचून घ्यावा. कोड दोषाची दिशा दाखवतो. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच बिघडला असे नसते, अनेकदा त्याचा कनेक्टर गंजलेला असतो. चढावर दम तोडणाऱ्या गाडीत पेट्रोलचा दाब गेज लावून मोजावा. नुसता पंपाचा आवाज ऐकून निष्कर्ष काढू नये.

मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा घाट चढून थांबवलेली कार्ब्युरेटरची गाडी पुन्हा सुरू करताना त्रास देते. नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असतो. बॉनेट उघडून इंजिन थंड होऊ देणे हा तात्पुरता उपाय. नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि उष्णतेचा मूळ पत्रा जागेवर बसवणे हा कायमचा.

पाचवी पायरी : दाब आणि टॅपेट

वरील सर्व ठीक असूनही एक सिलिंडर मंद राहिला, तर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम असावे, चारही प्लग काढलेले असावेत, ठिणगी आणि पेट्रोलचा पुरवठा तोडलेला असावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. आकड्यापेक्षा समानता महत्त्वाची. सिलिंडरांमधील फरक दर चौरस सेंटीमीटरला १ किलोपेक्षा जास्त नसावा. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगांची झीज. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

व्हॉल्व्हचा निकाल लावण्याआधी टॅपेट तपासावेत. टॅपेट वाजू लागले की सर्वांना ऐकू येतात, पण अति घट्ट टॅपेट आवाज करत नाहीत. त्यांत व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो, आयडलिंग थरथरते आणि हळूहळू व्हॉल्व्हची कड जळते. सीएनजीवर चालवलेल्या जुन्या गाड्यांत सीट झिजून टॅपेट घट्ट होण्याची शक्यता अधिक. वेळीच केलेली अर्ध्या तासाची जुळणी पुढचे हेडचे काम वाचवते.

शेवटी जुळणी

दोष सापडून दूर झाल्यावरच टायमिंग, मग मिश्रणाचा स्क्रू आणि सर्वांत शेवटी आयडलिंगचा वेग, या क्रमाने जुळणी करावी. इंजिन पूर्ण तापलेले, एअर फिल्टर जागेवर आणि चोक पूर्ण उघडा असावा. एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहावी. दोन बदल एकदम केले की कशाने गुण आला ते कळत नाही. केलेल्या कामाची तारीख व आकडे वहीत नोंदवून ठेवल्यास पुढच्या वर्षी तीच वही निम्मे निदान करते.

पुढच्या पावसाळ्याची तयारी आदल्या जूनमध्येच होते. गाडी उभी करण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल संपू द्यावे, बॅटरीचे टोक सोडवावे आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी उंदीर शिरणार नाही अशी जाळी बांधावी. ती जाळी गाडी सुरू करण्याआधी आठवणीने काढावी. ऑक्टोबरमध्ये प्रवाशांसह जंगलात शिरण्यापूर्वी एकदा रिकाम्या गाडीने घाट चढून-उतरून यावे. सपाटीवर लपलेला दोष चढावर उघडा पडतो आणि तो तेथे एकट्या चालकाला कळणे, प्रवासी बसलेले असताना कळण्यापेक्षा कितीतरी बरे.